भाड्याने द्यायच्या फ्लॅटसाठी प्रॉपर्टी मॅनेजर कसा निवडावा

नोकरीनिमित्त नागपूर, बंगळुरू किंवा थेट दुबईत राहायचे आणि पुण्यात फ्लॅट घेऊन तो भाड्याने द्यायचा, हा आता अनेक मराठी घरांतला सरावाचा व्यवहार झाला आहे. फ्लॅट घेताना बिल्डर, बँक आणि वकील यांच्याकडे महिनोन्महिने खेटे घालणारा माणूस त्या घराच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यायच्या त्याची निवड मात्र एका फोनवर उरकतो. मीही तेच केले होते. बाणेरमधील माझा दोन बेडरूमचा फ्लॅट मी नागपुरात राहून भाड्याने देतो. पहिला मॅनेजर मी फी कमी आहे एवढेच पाहून नेमला, आणि बाथरूमची ओल खालच्या फ्लॅटच्या छतापर्यंत पोहोचल्याचे मला वर्षभराने सोसायटीच्या पत्रातून कळले. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे खात्यात पडत होते, त्यामुळे सारे आलबेल आहे अशीच माझी समजूत होती. भाडे वेळेवर येत असेल तर भाडेकरू चांगला मिळाला आहे एवढेच त्यावरून समजावे. मॅनेजर कसा आहे हे घराच्या भिंतींवरून, नळांवरून आणि दुरुस्तीच्या बिलांवरून कळते. पुढची सगळी पावले याच गोष्टीभोवती बेतलेली आहेत. उदाहरणे पुण्याची आणि कायदा महाराष्ट्राचा आहे. इतर राज्यांत कराराचे नियम वेगळे असल्याने ते तिथल्या तिथे तपासावेत.

पहिले पाऊल: नेमके कोणते काम द्यायचे ते ठरवा

ब्रोकर, सोसायटीचा मॅनेजर आणि प्रॉपर्टी मॅनेजर या तीन वेगळ्या व्यक्ती आहेत, आणि नवख्या मालकाचा पहिला घोटाळा इथेच होतो. ब्रोकर भाडेकरू आणून देतो, करार झाला की दलाली घेतो आणि त्याचा संबंध तिथे संपतो. सोसायटीचा मॅनेजर लिफ्ट, पाण्याची टाकी, वॉचमन यांसारख्या सामाईक गोष्टी पाहतो. तुमच्या फ्लॅटच्या दाराआड काय चालले आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. प्रॉपर्टी मॅनेजर हा करार झाल्यानंतरच्या काळाचा माणूस आहे. भाड्याचा पाठपुरावा, दुरुस्ती, ठरावीक काळाने घराची पाहणी, सोसायटी आणि महापालिकेची बिले, कराराचे नूतनीकरण आणि भाडेकरू जाताना घराचा ताबा घेऊन हिशेब करणे ही त्याची कामे. अनेक ब्रोकर ‘आम्ही मॅनेजमेंटही करतो’ असे सांगतात, आणि काही जण ते खरोखर नीट करतात. परंतु ज्याची बहुतेक कमाई नवा भाडेकरू आणण्यातून होते, त्याला जुना भाडेकरू पाच वर्षे टिकवून ठेवण्यात फारसा रस नसतो, हे ध्यानात ठेवूनच त्याच्याशी बोलावे.

तुम्ही त्याच शहरात राहत असाल, महिन्यातून एकदा चक्कर मारू शकत असाल आणि ओळखीचा प्लंबर व इलेक्ट्रिशियन असेल, तर एका फ्लॅटसाठी मॅनेजर नेमण्याची गरज नाही. करार आणि भाडेकरूचा शोध यापुरता ब्रोकर पुरतो. मॅनेजर लागतो तो अंतरामुळे, किंवा वय आणि कामाच्या व्यापामुळे. कोणती कामे स्वतः करणार आणि कोणती सोपवणार, याची एक पानभर यादी आधी करावी. ही यादी पुढे मॅनेजरबरोबरच्या कराराला जशीच्या तशी जोडता येते.

दुसरे पाऊल: घराचे कागद आणि घर आधी तयार करा

मॅनेजर शोधायला निघण्यापूर्वी वीजबिल तुमच्या नावावर झाले आहे का, सोसायटीच्या दफ्तरी सभासद म्हणून नोंद झाली आहे का आणि मालमत्ता करासाठी तुमचे नाव लागले आहे का, हे पाहून घ्यावे. पुणे महापालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत मिळते आणि भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. त्यामुळे आधीच्या मालकाच्या काळातील कराच्या बिलावरून खर्चाचा अंदाज बांधू नये.

फ्लॅट नवा, थेट बिल्डरकडून घेतलेला असेल तर ताब्याच्या पत्रावरील तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. रेरा कायद्याच्या (बिल्डर आणि गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या) कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष किंवा कामाच्या दर्जातील उणीव निदर्शनास आणून दिली, तर ती कोणताही खर्च न आकारता ३० दिवसांत दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, असते. माझ्या बाथरूमची ओल ही या कलमात बसणारी गोष्ट होती, ताबा मिळून जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि तरीही मॅनेजरने आणलेल्या मिस्त्रीने टाइल्सच्या फटी भरल्याचे पैसे मीच भरले. हे कलम मॅनेजरला ठाऊक नव्हते आणि ताब्याची तारीख मी त्याला कधी सांगितली नव्हती, त्यामुळे या चुकीतील अर्धा वाटा माझा.

तिसरे पाऊल: तीन-चार नावे मिळवा

भाड्याचे व्यवस्थापन करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा परवाना नाही. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, एजंटांची नोंदणी असते आणि त्यासाठी आता प्रशिक्षण व परीक्षाही आहे, परंतु ती नोंदणी गृहप्रकल्पांतील विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. व्हिजिटिंग कार्डावरचा रेरा क्रमांक पाहून माणूस ओळखपाळखीचा आणि सापडण्याजोगा आहे एवढे म्हणता येईल. तो घर नीट सांभाळेल याची ती हमी नव्हे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात ‘प्रॉपर्टी मॅनेजर’ या भूमिकेची आणि त्याच्या कर्तव्यांची नोंद आहे. पावती देऊन भाडे घेणे, आवश्यक दुरुस्त्या करणे, वेळोवेळी पाहणी करणे आणि भाडेकरूला सूचना देणे ही त्यातली मुख्य. तो केवळ नमुना असल्याने राज्याने तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही, पण आपल्या कराराचा मसुदा करताना त्याचा उपयोग जरूर करावा.

नावे मिळवण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे तुमचीच सोसायटी. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे मालक कोण आणि त्यांच्या वतीने कोण येते-जाते हे सोसायटीच्या ऑफिसात माहीत असते, आणि वॉचमनला त्याहून अधिक माहीत असते. ‘अमुक माणूस किती वेळा येतो?’ या प्रश्नाला वॉचमन जे उत्तर देईल ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे असते. त्याच इमारतीत आधीपासून दोन-तीन फ्लॅट पाहणारा मॅनेजर मिळाला तर एका फेरीत त्याची सगळी घरे पाहून होतात, म्हणून तो तुमच्याकडेही फिरकण्याची शक्यता वाढते. मोठ्या कंपन्यांचे ॲप आणि टापटीप अहवाल आकर्षक असतात, परंतु त्यांच्याकडे चौकशी करताना एकच प्रश्न आग्रहाने विचारावा: माझ्या फ्लॅटवर प्रत्यक्ष येणारा माणूस कोण, आणि त्याच्याकडे असे एकूण किती फ्लॅट आहेत?

चौथे पाऊल: उमेदवाराला घरातून फिरवा

मुलाखत फोनवर किंवा कॅफेत घेऊ नये. उमेदवाराला फ्लॅटवर बोलवावे, किल्ली त्याच्या हातात द्यावी आणि ‘भाड्याने देण्यापूर्वी काय करायला हवे ते पाहून सांगा’ एवढेच म्हणून आपण मागे राहावे. पुढच्या वीस मिनिटांत जे दिसते ते तासभराच्या गप्पांतून कळत नाही.

दुसरा मॅनेजर निवडताना मी तिघांना असे बोलावले. पहिले गृहस्थ हॉलमध्येच उभे राहिले, खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचे कौतुक केले आणि ‘तेहतीस हजार सहज मिळतील’ म्हणाले. दुसऱ्याने सगळ्या खोल्यांचे व्हिडिओ घेतले. काम चोख होते, पण त्याने एकही नळ सोडून पाहिला नाही. तिसरे साधारण पन्नाशीचे. त्यांनी चपला काढल्या, थेट ड्राय बाल्कनीत गेले, वॉशिंग मशीनच्या पाण्याचा पाइप जिथे सोडला जातो त्या नहाणी ट्रॅपची जाळी उचलली आणि आतला सिमेंटचा खडा बोटाने बाहेर काढून कट्ट्यावर ठेवला. मग किचन सिंकखालचे दार उघडून मोबाइलच्या उजेडात अँगल कॉकच्या (सिंकचे पाणी बंद करण्याच्या छोट्या नळाच्या) सांध्यावर साचलेला पांढरा क्षार दाखवला आणि म्हणाले, ‘हा आज गळत नाहीये, पण भाडेकरू वॉटर प्युरिफायर बसवायला याला हात लावेल तेव्हा गळेल.’ गिझरचा एमसीबी (जास्त भार आल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) वेगळा आहे का, हे त्यांनी डीबी, म्हणजे हे स्विच असलेली विजेची पेटी, उघडून पाहिले. बाथरूममध्ये त्यांनी टाइल्सवर बोटाच्या पेरांनी टकटक केली, कारण खालून पोकळ आवाज येणाऱ्या टाइलखाली पाणी मुरत असण्याचा संभव असतो. भाड्याचा आकडा त्यांनी शेवटी, विचारल्यावर सांगितला, आणि तो पहिल्यापेक्षा तीन हजारांनी कमी होता.

तो आकडा ऐकून क्षणभर मन खट्टू झाले हे कबूल करायला हवे. भाड्याचा चढा अंदाज सांगणे ही काम मिळवण्याची जुनी युक्ती आहे. त्या भावाने गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून महिना-दीड महिना फ्लॅट रिकामा राहतो आणि मग मॅनेजरच ‘मार्केट जरा मंद आहे’ असे सांगून खाली उतरतो. अंदाज सांगणाऱ्याला त्याच आवारात गेल्या सहा महिन्यांत झालेल्या करारांची भाडी विचारावीत. झालेल्या करारांचे आकडे आणि जाहिरातींतले आकडे यांत नेहमीच फरक असतो.

पाचवे पाऊल: कायद्याची जाण तपासा

यासाठी वकील असण्याची गरज नाही, दोन-तीन प्रश्न पुरतात. पहिला प्रश्न असा विचारावा: ‘करार अकरा महिन्यांचा आहे, मग नोटरी पुरेल ना?’ पुरेल असे उत्तर आले तर चहा पाजून निरोप द्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे, आणि वाद झाल्यास अटी काय होत्या याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांची प्रथा आपल्याकडे केवळ सवयीने टिकून आहे. भाडेकरू चांगला असेल तर दोन किंवा तीन वर्षांचा करार करण्यात काहीच अडचण नाही.

दुसरा प्रश्न खर्चाचा. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे आणि ते संपूर्ण मुदतीचे भाडे व परत करायच्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराचे मानीव (म्हणजे मिळाले असे गृहीत धरलेले) व्याज यांच्या बेरजेवर काढले जाते. भाडे ३०,००० रुपये, अनामत ९०,००० रुपये आणि मुदत ११ महिने धरली तर शुल्क साडेआठशे रुपयांच्या आसपास येते. त्यावर शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी आणि ऑनलाइन नोंदणीचे ३०० रुपये दस्त हाताळणी शुल्क. म्हणजे सरकारजमा रक्कम सव्वादोन हजारांच्या आतच आहे. घरी येऊन आधारशी जोडलेला अंगठ्याचा ठसा घेणारे एजंट त्यांच्या सेवेचे पैसे वर लावतात, ते रास्तही आहे. मात्र ‘ॲग्रीमेंटचे सहा हजार’ असा एकच आकडा सांगणाऱ्याकडून सरकारी पावत्या वेगळ्या मागाव्यात.

तिसरा प्रश्न सोसायटीचा. फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः तिथे राहत नसल्याबद्दलचे शुल्क) आकारते, आणि राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. महापालिकेचे कर यातून वगळून हा हिशेब होतो. मासिक सेवाशुल्क ३,००० रुपये असेल तर हे शुल्क ३०० रुपयांच्या वर जाता कामा नये. कितीतरी मालक याहून अधिक रक्कम वर्षानुवर्षे मुकाट्याने भरतात. जाणकार मॅनेजर मेंटेनन्सचे बिल हाती पडताच हे तपासतो, आणि कराराची प्रत व पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवल्याची पोच सोसायटीला न मागता नेऊन देतो.

भाडेकरू कसा निवडता, हेही याच बैठकीत विचारावे. नोकरीचा पुरावा, आधीच्या घरमालकाशी बोलणे, ओळखपत्रे आणि किती माणसे राहणार याची लेखी नोंद, एवढे करणारा मॅनेजर पुरेसा दक्ष समजावा. आडनाव, धर्म किंवा खाण्यापिण्यावरून चाळणी लावण्याची फुशारकी मारणारा मॅनेजर मला तरी नको असतो. जो माणूस पगाराची स्लिप पाहायच्या आधी आडनाव पाहतो, तो कामाची चौकशी अर्धवटच करणार.

सहावे पाऊल: फीचा हिशेब नीट मांडा

फी साधारणतः तीन तऱ्हांनी घेतली जाते: मासिक भाड्याच्या ठरावीक टक्क्यांनी, ठोक मासिक रकमेने, किंवा वर्षाला एकदा काही दिवसांच्या भाड्याइतकी. पाच ते दहा टक्के हा नेहमी ऐकू येणारा पल्ला आहे. नवा भाडेकरू आणल्याची दलाली बहुधा वेगळी असते, आणि त्याच भाडेकरूचा करार नूतन केल्याबद्दलही काही जण पैसे मागतात. ते देणार की नाही हे आधीच बोलून घ्यावे. जीएसटी नोंदणी असलेल्या संस्थेच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. छोट्या मॅनेजरची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर तो लागत नाही.

आता पाच टक्क्यांचा मॅनेजर आणि आठ टक्क्यांचा मॅनेजर यांतला फरक पाहू. तीस हजार भाड्यावर तो महिन्याला ९०० आणि वर्षाला १०,८०० रुपये होतो. त्याच फ्लॅटचे एका दिवसाचे भाडे १,००० रुपये आहे. म्हणजे स्वस्त मॅनेजरच्या ढिलाईने दोन भाडेकरूंच्या मध्ये फ्लॅट अकरा दिवस जास्त रिकामा राहिला, की वर्षभराची बचत संपली. म्हणून फीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा: ‘भाडेकरूने नोटीस दिल्यावर तुम्ही कोणत्या दिवशी काय करता?’ चांगले उत्तर नोटिशीच्या महिन्यातच घर दाखवायला सुरुवात, ताबा घेतल्यावर चार-पाच दिवसांत रंगाचे टचअप आणि सफाई, असे तारखांमध्ये येते.

खरा चोरखर्च दुरुस्तीत असतो. प्लंबर, पेंटर, एसीवाला हे मॅनेजरचे नेहमीचे लोक असतात आणि त्यांच्या बिलात मॅनेजरचा वाटा असणे नवलाचे नाही. वाटा आहे का, हे सरळ विचारावे. काही जण मोकळेपणाने ‘हो, दहा टक्के देखरेखीचे घेतो’ म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते लपवणे. माझ्या पहिल्या मॅनेजरने पाठवलेल्या एका बिलावर ‘बाथरूम प्लंबिंग काम – ४,८००’ एवढीच ओळ होती. आताचे बिल येते त्यात अँगल कॉक दोन, कनेक्शन पाइप एक, मजुरी, अशी प्रत्येक वस्तू दुकानाच्या पावतीसह असते, आणि काढलेल्या जुन्या कॉकचा फोटोही असतो.

करविषयक एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि गृहकर्जाच्या व्याजाचा हिशेब वेगळा होतो. मॅनेजरची फी किंवा दुरुस्तीचा खर्च मात्र स्वतंत्रपणे वजा करता येत नाही. तो या ३० टक्क्यांतच आला असे धरले जाते.

सातवे पाऊल: पैशांची वाट ठरवा

भाडे आणि अनामत या दोन्ही रकमा थेट तुमच्या बँक खात्यात जमा व्हायला हव्यात. मॅनेजरने भाडे गोळा करून, फी कापून उरलेले पाठवावे, ही पद्धत त्याच्या सोयीची असली तरी मालकाने ती टाळावी. अनामतीच्या बाबतीत तर याला अपवादच ठेवू नये. करार तुमच्या नावाने असतो, त्यामुळे ती रक्कम परत करण्याची जबाबदारी तुमच्यावरच येते, मग पैसा कोणाच्याही खात्यात असो. फी दर महिन्याला बिल आल्यावर आपण पाठवावी. किरकोळ दुरुस्तीसाठी मॅनेजरकडे पाच हजारांसारखी एक छोटी रक्कम ठेवावी आणि पावत्या आल्यावर तेवढीच भरून द्यावी.

मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडे सहसा एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) घ्यावे लागते आणि भाडेकरूला भाडे देतानाच करकपात करावी लागते. निवासी मालकासाठी जशी किमान भाड्याची मर्यादा आहे तशी इथे नाही, आणि अधिभार लागू नसेल तर दर उपकरासह ३१.२ टक्के पडतो. जास्त कापला गेलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, किंवा आयकर अधिकाऱ्याकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र घेता येते. नोकरदार भाडेकरू ही कटकट ऐकून बिचकतो आणि सौदा मोडतो. म्हणून परदेशस्थ मालकाने मॅनेजरला ‘ही प्रक्रिया तुम्ही याआधी कोणत्या भाडेकरूकडून करवून घेतली आहे?’ असे विचारून घ्यावे.

आठवे पाऊल: मॅनेजरशी लेखी करार करा

भाडेकरूशी करार करण्याची घाई असते आणि मॅनेजरशी मात्र सगळे तोंडी चालते, हे विचित्र असले तरी सर्रास दिसते. दोन पानांचा करार पुरतो. त्यात पहिल्या पावलात केलेली कामांची यादी, फी आणि ती कधी देय होते, मालकाला न विचारता किती रकमेपर्यंत दुरुस्ती करता येईल, पाहणी किती महिन्यांनी आणि अहवाल कशा स्वरूपात, आणि करार संपवण्यासाठी दोन्ही बाजूंना किती दिवसांची नोटीस, एवढे स्पष्ट असावे. माझी दुरुस्तीची मर्यादा दोन हजार आहे. पाणी किंवा विजेचा धोका असेल तर आधी काम करून मग कळवावे, असा अपवाद त्यात लिहिला आहे. रात्री अकरा वाजता फ्लश टँक वाहत असताना माझ्या होकाराची वाट पाहत बसू नये, हा त्यामागचा हेतू. आणखी एक कलम विसरू नये: तुम्ही मॅनेजर बदलला आणि त्याने आणलेला भाडेकरू पुढे राहिला, तर त्या भाडेकरूपोटी त्याला काही देणे लागते की नाही. हे लिहिले नसेल तर भांडण हमखास होते.

कुलमुखत्यारपत्राच्या (आपल्या वतीने सही-व्यवहार करण्याचा अधिकार देणाऱ्या पत्राच्या) बाबतीत हात आखडता ठेवावा. मालकाकडे आधार असेल आणि तो ऑनलाइन नोंदणीसाठी ठसा देऊ शकत असेल तर त्याची गरज सहसा पडत नाही. आधार नसलेल्या परदेशस्थ मालकाला ते द्यावे लागते. तसे असेल तर ते फक्त या एका फ्लॅटपुरते, लिव्ह अँड लायसन्स करार करणे, त्याची नोंदणी करणे आणि सोसायटी, वीज कंपनी व महापालिकेशी पत्रव्यवहार करणे एवढ्यापुरते मर्यादित असावे. विक्री, गहाण आणि कर्ज यांचे अधिकार देत नसल्याचे त्यात शब्दांत नमूद करावे. परदेशात भारतीय वकिलातीत केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. शक्य असेल तर हे पत्र मॅनेजरऐवजी जवळच्या नातेवाइकाच्या नावे करावे, म्हणजे काम पाहणारा आणि सही करणारा हे दोघे वेगळे राहतात.

नववे पाऊल: पहिले सहा महिने डोळ्यात तेल घालून पाहा

भाडेकरू राहायला येण्याच्या दिवशी घरातील वस्तूंची यादी, मीटरचे आकडे आणि प्रत्येक खोलीचे फोटो यांवर भाडेकरू आणि मॅनेजर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पहिली पाहणी तीन महिन्यांनी, भाडेकरूला आधी वेळ कळवून व्हावी. त्याचे घर आहे, तिथे कधीही शिरण्याचा अधिकार मालकाला किंवा मॅनेजरला नाही, आणि जो मॅनेजर हे भान ठेवतो त्याच्याकडे भाडेकरूही नळ ठिबकल्याची तक्रार वेळेत करतो. ‘सर्व ठीक’ हे दोन शब्द म्हणजे अहवाल नव्हे. माझ्या कराराप्रमाणे सहा जागांचे फोटो दर वेळी यावे लागतात: सिंकखालची जागा, दोन्ही बाथरूमचे कोपरे, ड्राय बाल्कनीचा ट्रॅप, पावसाची झड लागते ती खिडकी आणि बेडरूमची डक्टकडची (पाइप जातात त्या मोकळ्या जागेकडची) भिंत. एकाच कोनातून घेतलेले फोटो शेजारी ठेवले की पोपडा वाढतो आहे का ते नागपुरात बसूनही कळते. पावसाळा संपता संपता एक पाहणी ठेवावीच, कारण पुण्यातल्या इमारतींची खरी परीक्षा तेव्हाच झालेली असते.

कराराची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मॅनेजरने तुम्हाला स्वतःहून विचारले पाहिजे की नूतनीकरण करायचे की नाही. मुदत संपूनही भाडेकरूने घर सोडले नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण ही वाट धरायची तर हातात नोंदणीकृत, मुदत स्पष्ट असलेला करार हवा. तोंडी ‘राहा अजून दोन-तीन महिने’ म्हणणारा मॅनेजर भलेपणाने बोलत असला तरी तुमचा कागद कच्चा करून ठेवतो.

भाडेकरू निघताना अनामतीतून काय कापायचे यावरून मॅनेजरची शेवटची पारख होते. भिंतीवरचे खिळ्यांचे चार डाग आणि तीन वर्षांत फिका पडलेला रंग ही वापराची झीज आहे. फुटलेला वॉश बेसिन हे नुकसान आहे. माझ्या आताच्या मॅनेजरने मागच्या भाडेकरूच्या वेळी राहायला आल्याच्या दिवशीचे फोटो समोर ठेवून फक्त एका खिडकीच्या जाळीचे ६५० रुपये कापायला सांगितले. भाडेकरूने तिथेच उभ्या उभ्या हिशेबावर सही केली, मी नागपुरातून बाकीची अनामत त्याच्या खात्यात पाठवली, आणि किल्ल्यांचे तीन जोड मोजून घेतल्याची नोंद त्याच कागदाच्या तळाशी झाली.